यादीबाहेरचा शब्द

"सर, यंदाच्या यादीतला खोटा शब्द कुठला?"

ओदेतनं विचारलं, आणि विचारून झाल्यावर तिला कळलं की आपण हे खरंच मोठ्यानं विचारलंय. मागच्या बाकावर मोनीकनं स्वेटरची बाही तोंडात कोंबली असणार; मागे न बघताही ते तिला दिसलं. पैज ब्रिजिटनं लावली होती, जेवणाच्या सुट्टीत, बटाट्याचे काप चावत. "फार शब्द फेकतेस ना हल्ली? मग विचारून दाखव व्हिटकमला. नाही विचारलंस तर आठवडाभर माझं दप्तर तू वाहायचं." शाळेत ही वदंता कुणाच्या थोरल्या बहिणीच्या काळापासून चालत आलेली होती. व्हिटकम सर दर सोमवारी वीस अवघड शब्द देतात, नुसते शब्द. अर्थ आपापले शोधायचे आणि शुक्रवारी परीक्षेत लिहायचे. आणि वर्षातून एकदा, म्हणे, त्या विसांत एक शब्द ते स्वतःच्या मनानं बनवून घालतात. शब्दकोश उघडणारा सरळ येऊन सांगतो की सर, हा सापडत नाही. उघडण्याचा कंटाळा करणारा काहीतरी अर्थ ठोकून देतो आणि तोंडघशी पडतो. असं कुणी पडलेलं मात्र कुणीच पाहिलेलं नव्हतं. व्हिटकम सर फळा पुसत होते. त्यांचा हात थांबला, खडूची धूळ सावकाश खाली बसली. मग ते वळून म्हणाले, "खोटा असेल, तर तुला तो कळायला हवा, मिस फुर्तादो. तुला तर नक्कीच." वर्ग खो खो हसला. ओदेतही हसली, दोन्ही हात वर करून पैज जिंकल्यासारखी हसली. फक्त 'तुला तर नक्कीच' हे तीन शब्द कुसळासारखे कुठेतरी अडकून बसले.

तुला तर नक्कीच. का? वर्गातली सर्वांत हुशार म्हणून, की आणखी काही ठाऊक आहे म्हणून? मागच्या वर्षापर्यंत असला प्रश्न तिच्या मनातसुद्धा आला नसता, कारण मागच्या वर्षापर्यंत ती वर्गात बोलतच नव्हती. सहा वर्षांची असताना ती एका पोर्तुगीज बेटावरून न्यू बेडफर्ड या बंदराच्या गावी आली तेव्हा तिला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, 'प्लीज', आणि तो तिनं पहिल्या दिवशी शाळेच्या दाराला, पाण्याच्या नळाला आणि एका कुत्र्याला उद्देशून वापरून टाकला होता. पुढची कितीतरी वर्षं ती बाकावर कोपरं टेकवून गप्प बसली. तोंड उघडलं की आतून पोर्तुगीज बाहेर पडेल आणि सगळ्यांच्या बुटांवर सांडेल अशी भीती. मग चुलत बहीण ग्रासा कॉलेजला गेली आणि जाताना बुटांचं एक खोकं ओदेतच्या मांडीवर ठेवून गेली. खोक्यात कार्डं. एका बाजूला शब्द, मागे अर्थ. कोपऱ्याला भोक पाडून न्हाणीघराच्या पडद्याच्या कड्यांत पन्नास पन्नासांनी ओवलेली. या गावात कार्डं अशीच खाली येतात, थोरल्या भावंडांच्या हिवाळी कोटासारखी. ओदेतनं ती घासून घासून मऊ केली. बसथांब्यावर, आंघोळीच्या आधी, मासळीच्या वासाच्या त्या लांबलचक रस्त्यावर. आणि सप्टेंबरात केव्हातरी जीभ सुटली. एकदा सुटली ती सुटलीच! वीसपैकी वीस, अकरा आठवडे सलग. बेकरीतल्या बाईला ती म्हणाली, तुमचा गोड पाव म्हणजे केवळ 'एफेमरल' आहे हो, हातात येतो न येतो तोच संपतो. बाईनं तिला एक फुकट दिला. शब्दांनी माणसं वळून बघतात हे तिला कळलं होतं. वळून बघणारा माणूस हसतोय की मोजतोय, याचा विचार मात्र तिनं आज पहिल्यांदा केला.

सुट्टी झाल्यावर ती वर्गात मागे राहिली. खिडकीजवळच्या लाकडी घडवंचीवर तो जाडजूड शब्दकोश कायम उघडा असायचा. तिनं आठवड्याचे वीसही शब्द एकेक करून बघितले. सगळे होते. आपापल्या जागी, शहाण्यासारखे. खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण बोट पानावर होतं ते उचलेना, कारण विसावा शब्द सापडला त्याच क्षणी एकविसावा तिच्या मनात आला होता. तो कुठल्याच यादीत नव्हता. तो ग्रासाच्या खोक्यातला होता आणि ओदेतनं तो आपल्या निबंधात वापरला होता. ऑब्सिलन्स. तिनं पानं उलटली. 'ऑब्सिडियन', ज्वालामुखीची काळी काच. बेटावरच्या आजोबांच्या बागेच्या बांधात असले दगड होते. त्याच्या खाली सरळ 'ऑब्सोलेस', जुनाट होत जाणे. मधे काही नाही. दोन शब्दांमध्ये एक केसाएवढी पांढरी रेघ, आणि ओदेत त्या रेघेकडे अशी बघत राहिली जशी एखादी बाई आपल्या घराच्या जागी मोकळं मैदान बघते.

आता निबंध म्हणजे काही शुक्रवारची परीक्षा नव्हे. बंदरावरच्या जुन्या घराण्यांतल्या बायकांचं एक मंडळ आहे. ते दर वर्षी एका मुलीचा कॉलेजचा चारही वर्षांचा भार उचलतं. शाळेतून एकच नाव जातं आणि ते व्हिटकम सर ठरवतात. यंदा त्यांनी ओदेतचं ठरवलं. गेल्या चाळीस वर्षांत बेटावरून आलेल्या घरातलं नाव कधी गेलं नव्हतं, असं ममा रविवारी चर्चच्या पायरीवर जिला तिला सांगत सुटली होती. विषय होता 'माझ्या घरानं मला काय शिकवलं'. दोन पानं, प्रत्येक पानाखाली आईवडिलांची सही, पाकीट या शुक्रवारी टपालात पडलं पाहिजे. ओदेतनं लिहिलं होतं: आमच्या घरात एक ऑब्सिलन्स आहे. टेबलाभोवती फिरावं तसे आम्ही त्याच्याभोवती फिरतो, कुणालाच त्याचा कोपरा लागत नाही. ग्रासाच्या कार्डामागे अर्थ लिहिला होता: घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कुणीच न बोललेली गोष्ट. सरांनी त्या शब्दाखाली हिरव्या शाईनं रेघ मारून समासात लिहिलं होतं, 'सुंदर! नेमका शब्द.' ती हिरवी रेघ तिनं किती वेळा पाहिली होती! बोटानं चाचपून पाहिली होती. आता तिला वाटू लागलं, ती रेघ सापळ्याची तार होती. सरांना ठाऊक होतं. तुला तर नक्कीच. वर्षातला तो एक खोटा शब्द यंदा यादीत पडलाच नाही, तो कसा कोण जाणे तिच्या खोक्यात पोचला, तिनं तो उचलला, आणि सर वाट बघताहेत: ही पोर्तुगीज पोर स्वतःहून येऊन सांगते की फुशारकीनं पाकीट बंद करते. आणि ब्रिजिट? सगळ्या जगातले प्रश्न सोडून तिनं आजच, हाच प्रश्न विचारायला लावावा? ब्रिजिटनं निबंध वाचला होता. वाचून म्हणाली होती, "हा कुठला गं शब्द? फारच श्रीमंत दिसतो." म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

मंगळवारी ती सार्वजनिक वाचनालयात गेली. तिथला शब्दकोश तेरा खंडांचा, उचलताना कुशीतलं बाळ उचलावं तसा उचलावा लागतो. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काय शोधतेस, बाळ?"

"एक शब्द."

"तो तर दिसतोच आहे. कुठला?"

ओदेतनं सांगितला नाही. बाईही हसतील असं तिला वाटलं, किंवा हसणार नाहीत आणि संध्याकाळी सरांना फोन करतील; या गावात सगळे इंग्रज आडनावांचे लोक एकमेकांचे कुणीतरी असतात. तिथेही तीच काळी काच, तीच पांढरी रेघ. बाहेर बंदरावर धुकं उतरत होतं, बोटींचे शेंडे नाहीसे होत होते आणि रस्त्यावरच्या पाट्या तिला नव्यानं दिसत होत्या. 'ताजी शिंपली.' कशावरून? 'विश्वासू दुरुस्ती.' कोण म्हणतं? एका शब्दानं दगा दिला की बाकीचे सगळे त्याचे भाईबंद वाटतात. तिनं अकरा आठवड्यांत वर्गात, बेकरीत, बसमध्ये उधळलेले शब्द तिला एकामागून एक आठवले. त्यातले किती ग्रासाच्या खोक्यातले, किती शब्दकोशात बघून घेतलेले? एकदा तिनं डॉक्टरांना ममाचं दुखणं 'इंट्रॅक्टेबल' आहे, कशालाच बधत नाही, असं सांगितलं होतं आणि डॉक्टर क्षणभर थांबून बघत राहिले होते. तेव्हा तिला वाटलं होतं, कौतुकानं.

घरी पोचली तेव्हा पापा टेबलाशी बसले होते. ते मासळीच्या कारखान्यात शिंपले सोलतात, पहाटे जातात, चारला परत येतात, आणि कातडी सुटलेली बोटं लिंबाच्या सालीनं चोळत बसतात. "आशीर्वाद द्या, पापा," ती म्हणाली. "देव भलं करो," ते म्हणाले, आणि रोजच्यासारखा हात पुढे केला. "आण तुझी ती जपमाळ." जपमाळ म्हणजे कार्डांचं कडं. कॉलेजप्रवेशाच्या मोठ्या परीक्षेसाठी गेली दोन वर्षं हे चाललं होतं: पापांनी कार्ड शब्दाची बाजू तिच्याकडे करून धरायचं, तिनं अर्थ सांगायचा, पापांनी मागची बाजू बघून म्हणायचं, "बरोबर." ममा चुलीशी कोबीच्या पानांचं सूप ढवळत म्हणायची, "चुकत कशी नाही ही? कुणाच्या पोटची?" आणि पापा म्हणायचे, "माझ्या. तुझ्या पोटची असती तर बरोबर असूनही भांडली असती."

चुकत कशी नाही, हे ओदेतला ठाऊक होतं. पहिल्याच हिवाळ्यात, चौदा वर्षांची असताना, तिला त्या 'बरोबर'चा संशय आला होता. 'बरोबर' म्हणायच्या आधी पापा कार्डाकडे बघतात, पण डोळे ओळीवरून सरकत नाहीत; ते एका जागी थांबतात आणि मग तिच्या तोंडाकडे येतात. एक दिवस तिनं मुद्दाम केलं. 'ऑब्ड्युरेट' आला. हट्टी, पाषाणहृदयी. ती चेहरा सरळ ठेवून म्हणाली, "पावसाळी हवा." पापांनी कार्डाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "बरोबर," ते म्हणाले. ममाचा डाव सुपात थांबला. ममानं वळून बघितलं नाही. खोलीत काहीतरी येऊन बसलं, कोणी त्याला खुर्ची दिली नाही, आणि ते तेव्हापासून उठलेलं नाही. मग घरातली किती कोडी एकदम सुटली! पापा चर्चमध्ये गीतांचं पुस्तक उघडतात ते नेहमी मधोमध का. हॉटेलात गेलं की, "तू जे घेशील तेच मला" का. शाळेचं पत्र आलं की चष्मा का सापडत नाही, आणि पापांना चष्मा नाहीच हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही. त्याला शब्द नव्हता. मग खोक्याच्या तळाशी तो सापडला, चक्क तयार, अर्थासकट, आणि ओदेतला वाटलं होतं की इंग्रजी ही केवढी दयाळू भाषा, तिच्यात याच्यासाठीसुद्धा शब्द आहे! म्हणजे हे इतर घरांतही असतं. आणि शब्द असा की सांगितलंही आणि सांगितलंही नाही; मंडळातल्या बायका 'वा' म्हणतील आणि पापांचं नाव कुठेच येणार नाही.

"आज गप्पशी?" पापांनी कार्ड खाली ठेवलं. "कुणी काही बोललं शाळेत?"

"नाही."

"बरोबर," पापा म्हणाले, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला प्रथमच वाटलं, ते हेही वाचत असतील तर?

बुधवारी तिनं ग्रासाला फोन केला. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर, पण दोरी लांब. रिसीव्हर घेऊन ती जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसली आणि दार पायानं लोटून घेतलं.

"ऑब्सिलन्स?" पलीकडे ग्रासा किंचाळली. "देवा! ते कार्ड आहे अजून? अगं गाढवे, तो मी बनवला!"

"तू?"

"माझ्या वर्गातल्या पॉलासाठी. माझी कार्डं उसनी न्यायची, रात्रीत उतरवून काढायची आणि वर सगळ्यांना सांगायची की मी स्वतः अभ्यास केला. म्हटलं थांब, तुला दाखवते. एक खोटं घातलं. बयेनं ते गाळलं आणि बाकी सगळी उतरवली, काय नाक होतं तिला! मग मी विसरले. का गं? कुणाला सापडला?"

ओदेतच्या मनात सरांविरुद्ध उभा केलेला सगळा खटला त्या पायरीवर आडवा झाला. सापळा सरांचा नव्हता. ब्रिजिटचाही नव्हता. क्षणभर तिला हलकं वाटलं; मग दुसरीच गोष्ट वर आली, थंड, सावकाश. सापळा सरांचा नव्हता, म्हणजे सरांना तो शब्द ठाऊक नव्हता. ठाऊक नसताना त्यांनी हिरवी रेघ मारली होती.

"आणि अर्थ?" तिनं विचारलं. "अर्थ कुठून आणलास?"

ग्रासाचं हसू ओसरलं. "अर्थ आपलाच," ती म्हणाली. "माझा दहावा वाढदिवस आठवतो का तुला? तू लहान होतीस. टियो जिल्बेर्तोनं, म्हणजे तुझ्या पापांनी, मला कार्ड आणलं होतं, स्वतः दुकानात जाऊन. पांढरी लिलीची फुलं, वर सोनेरी अक्षरं. इतकं सुंदर कार्ड. अक्षरं अशी होती: 'तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.'"

ओदेतनं फोनची दोरी बोटाभोवती गुंडाळली.

"माझ्या आईनं ते वाचलं. आजीला वाचून दाखवलं, हळूच. आणि सगळ्या कार्डांच्या मधोमध ठेवलं, कपाटावर. टियो येऊन दोनदा बघून गेला, कसा खूश होता. आठवडाभर ते तिथे होतं, शेजारीपाजारी आले, केक खाल्ला, बघितलं, कोणी चकार शब्द काढला नाही. मग पॉलासाठी शब्द बनवायला बसले तर पेनातून तेच आलं. मला वाटलं तुला ठाऊक असेल."

"ठाऊक आहे," ओदेत म्हणाली. मग जिन्यातल्या अंधारात तिला दिसलं की बेटावरून आलेली आख्खी आळी ठाऊक असलेल्यांची आहे. ममा, मावश्या, आजी, बेकरीवाली. सगळ्यांनी मिळून एका माणसाभोवती भिंत बांधली आहे. आणि ती भिंत त्याला वाचवते की कोंडते, हे कुणी कधी विचारलेलं नाही, कारण विचारायचं म्हणजे तोंड उघडायचं.

गुरुवारी घंटा झाल्यावर ती सरांच्या टेबलापाशी गेली. ब्रिजिट आणि मोनीक दारात रेंगाळल्या. ओदेत आता रोज काहीतरी मजा करते अशी त्यांची समजूत झाली होती. "सर, निबंधातला तो शब्द. ऑब्सिलन्स. तो तुम्हाला आधीपासून ठाऊक होता?"

व्हिटकम सरांनी चष्मा काढला. रुमालानं पुसला. चष्मा स्वच्छच होता. "अर्थात," ते म्हणाले. "दुर्मीळ आहे. पण जुन्या लेखनात भेटतो." आणि मग त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. शब्दाकडे नाही, पानाकडे नाही, तोंडाकडे. बरोबर म्हटलं ना मी, असं विचारणारे डोळे. ती नजर ओदेतच्या इतकी ओळखीची होती की तिला त्या पांढऱ्या केसांच्या, तीन पिढ्या कॉलेजात गेलेल्या माणसाचा हात धरावासा वाटला, आणि त्याच क्षणी त्याचा भयंकर राग आला. पापांना लपावं लागलं, कारण सातव्या वर्षी त्यांच्या हातात गाईची दोरी दिली गेली. यांच्यामागे तर भिंतभर पुस्तकं होती. हे कशाला लपतात? जिभेवर वाक्य तयार होतं. दारात प्रेक्षकही तयार होते. एका वाक्यानं सर वर्षभर तोंड दाखवू शकले नसते, आणि मंडळाला जायचं तिचं शिफारसपत्र अजून त्यांच्याच खणात होतं. वाक्य तिनं गिळलं, पण ते त्या पत्रासाठी गिळलं की त्या नजरेसाठी, हे तिचं तिलाच ठरवता येईना. आता तिचा स्वतःवरसुद्धा विश्वास उरला नव्हता.

"काय विचारलंस गं?" ब्रिजिट बाहेर येताच चिकटली. "चिडला?"

"अर्थ विचारला."

"मग? सांगितला?"

"नाही," ओदेत म्हणाली. "तो मलाच ठाऊक होता."

"बघा बाई," मोनीक म्हणाली, "आता सरांनाही शिकवायला निघाली."

ती चालत घरी गेली, बस सोडून. पुलाखालून एक बोट शिंपल्यांच्या पोत्यांनी वाकून आत येत होती, सीगल तिच्यावर भांडत होते. तिनं निबंधातली ती ओळ मनात धरून बघितली आणि शब्द उचलून बाजूला ठेवला. आमच्या घरात एक, एक काय? त्या जागी दुसरा शब्द बसवून बघितला, यादीतला, खरा, शब्दकोशात नोंद असलेला. बसला नाही. तिसरा बसवला. तोही वर वर तरंगत राहिला. सगळे शब्द कसे तिच्याच बाजूचे होते, वकिलासारखे, तिला पुढे करणारे आणि पापांना झाकणारे. झाकणारे, की तिची लाज झाकणारे? 'नेमका शब्द'. तो नेमका होता म्हणजे इतकाच, की त्याच्यामुळे तिला खरी गोष्ट न लिहिता लिहिल्याचं पुण्य मिळत होतं. पुलाच्या मध्यावर, वाऱ्यात, तिनं निबंधाची वही काढली, कठड्यावर ठेवली, आणि ती ओळ खोडून तिथे सहा साधे शब्द लिहिले, असे की कुठल्याही पहिलीच्या पोराला कळावेत. लिहिताना छातीत असं काही फुलत होतं की ते भीतीच्या कुठल्याच जातीत बसत नव्हतं.

घरी सूप वाढलेलं होतं. टेबलावर अर्ज, पाकीट, आणि पापांचं ठेवणीतलं पेन. पापांनी हात धुवून कोरडे केले होते, बाही वर केली होती. नाव लिहिणं म्हणजे त्यांच्यासाठी चित्र काढणं; सावकाश, जीभ दातांत धरून, बेटावरच्या पाद्र्यानं एकदा काढून दिलेलं ते चित्र ते अजून तसंच काढतात.

"दाखव कुठे," पापा म्हणाले. "या रेघेवर ना?"

"बसून सांग काय ते," ममा म्हणाली. "वादळासारखी दारात उभी का? सूप गार होतंय."

"थांबा, पापा. आधी ऐका."

"सही झाली की ऐकतो. सगळं चांगलंच लिहिलं असशील."

"नाही. आधी." तिचा आवाज मोठा झाला, वर्गात होतो तसा, आणि तिनं तो मोठाच राहू दिला. ममाचा डाव भांड्यात थांबला होता. पापांनी पेन खाली ठेवलं नव्हतं, पण ते हवेत होतं, आणि त्यांचे डोळे तिच्या तोंडावर येऊन थांबले होते. तिनं तोंड फिरवलं नाही.

"ममा, तू पण ऐक. व्हिटकम सरांनी वाचलेला निबंध मी तसाच पाठवणार नाही. त्यातली एक ओळ मी आज बदलली, आणि उद्या सकाळी मी स्वतः तो टपालात टाकणार. मिळो, न मिळो. पापा, यात लिहिलंय, 'माझ्या पापांना वाचता लिहिता येत नाही.' ओळ तशीच राहणार. आता मी पहिल्यापासून वाचते, आणि सही करायची की नाही ते तुम्ही ऐकून ठरवा."